बेंटली मार्क सिक्स : झळाळती रिस्टोर केलेली घ्यावी की रोजच्या वापरातली?

चेशायरकर

मंडळी, बरीच वर्षं घोळत असलेला विषय आता गळ्याशी आलाय. बेंटली मार्क सिक्स घ्यायची आहे. दोन गाड्या बघून आलो. दोन्ही 'स्टँडर्ड स्टील' सलून (बंद छपराच्या गाड्या), म्हणजे कारखान्यातूनच बॉडीसकट बाहेर पडलेल्या.

पहिली १९५० ची, सव्वाचार लिटरची. पूर्ण रिस्टोर केलेली. खाली रुपेरी, वर काळा रंग. क्रोम असं की समोर उभं राहून दाढी करावी. आतलं कातडं नवं, अक्रोडाच्या लाकडाला नवं पॉलिश, गालिचे नवे. विकणारा म्हणतो की सगळं सुटं करून केलंय. फोटो मात्र मोजकेच दाखवले, आणि ते सगळे रंगकामानंतरचे.

दुसरी १९५२ ची, साडेचार लिटरची. रंग मधेमधे फिका, मागच्या सीटचं कातडं तडकलेलं. पण मालक आजोबा दर आठवड्याला तिच्यातून बाजारात जातात. बिलांची फाइल उचलायला दोन हात लागतात. किंमत पहिलीपेक्षा बरीच कमी.

मी क्रू गावापासून अर्ध्या तासावर राहतो. गाडी जिथे बनली त्याच भागातल्या रस्त्यांवर चालवायची, शोकेसमध्ये ठेवायची नाही. बायकोचा कौल पहिलीला. माझं ठरत नाहीये. बोला.

फुकटचा_सल्ला

वहिनींचा कौल पहिलीला. मग प्रश्न कुठे आहे? धागा बंद करा.

पार्लेकर७१

मार्क सिक्स म्हणजे आधीच्या पाच कुठे गेल्या? आमचं बेंटलीचं ज्ञान लग्नाच्या वरातीपर्यंतच.

जुनं_यंत्र

@पार्लेकर, मार्क फाइव्ह होती. १९३९ मध्ये यायची होती, तेवढ्यात युद्ध पेटलं आणि जेमतेम काही बनल्या. त्याआधीच्यांचा हिशेब मांडायला बसलात तर रात्र जाईल.

मार्क सिक्सची खरी गंमत वेगळी आहे. रोल्स रॉइसने बेंटली कंपनी १९३१ मध्ये घेतली. युद्धाआधी रोल्स काय किंवा बेंटली काय, कारखाना फक्त चासी द्यायचा. इंजिन, चाकं, पुढची जाळी, संपलं. बॉडी तुम्ही तुमच्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची: पार्क वॉर्ड, एच. जे. म्युलिनर, हूपर, जेम्स यंग. तिथे ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर हाताने ठोकलेले पत्रे. महिनोन् महिने लागायचे.

१९४६ मध्ये हे बदललं. क्रूचा कारखाना १९३८ मध्ये मर्लिन विमान इंजिनांसाठी उभारला होता. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली, एवढ्या मोठ्या शेडचं करायचं काय? मग गाड्या तिथे आल्या. दाबयंत्रावर काढलेली पोलादी बॉडी ऑक्सफर्डजवळच्या काऊली इथल्या प्रेस्ड स्टील कंपनीकडून यायची. क्रूमध्ये रंग, लाकूड, कातडं आणि जुळणी. या कंपनीने पूर्ण गाडी म्हणून विकलेली ही पहिलीच. १९५२ पर्यंत पाच हजारांहून जास्त बनल्या.

आणि मालकांचा धूर्तपणा बघा. तयार पोलादी बॉडी लोकांना रुचेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून प्रयोग बेंटलीच्या नावावर केला. जवळपास तीच बॉडी रोल्सची जाळी लावून 'सिल्व्हर डॉन' म्हणून आली ती १९४९ मध्ये, तीही आधी फक्त निर्यातीसाठी. नाव खराब झालंच असतं तर धाकट्याचं!

पार्लेकर७१

म्हणजे धाकट्या भावाला आधी पाण्यात ढकलायचं आणि खोली बघायची. समजलं.

सरवणकर_अण्णा

चेशायरकर, मी इंग्लंडात तीस वर्षं जुन्या गाड्यांखाली आडवा झालोय. आता गुडघे परवानगी देत नाहीत म्हणून टाइप करतो.

रंग आणि क्रोम विसरून जा. ते पैसे टाकले की होतं. मार्क सिक्सचा एकच शत्रू, गंज. युद्धानंतर पोलाद रेशनवर, जे मिळालं त्याचा दर्जा यथातथा, आणि त्या काळी आतून गंजरोधक लावायची पद्धत नव्हती. बघायच्या जागा सांगतो. दाराखालच्या आडव्या पेट्या. दारांची खालची कड. मागच्या चाकांच्या कमानी, आणि त्यावर बसणारी झाकणं काढून आतला भाग. डिकीचा तळ. बॉडी जिथे चासीला बोल्टने जोडली आहे त्या जागा. चासीचा मागचा भाग, स्प्रिंगच्या आधारांपाशी. छपराला सरकती खिडकी असेल तर तिचं पाणी खांबांतल्या नळ्यांतून खाली जातं. नळी तुंबली की खांब आतून कुजतो आणि बाहेरून दिसत नाही.

लोहचुंबक खिशात ठेवा. पातळ कापडात गुंडाळा, रंगाला ओरखडा नको. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. (कोचबिल्टवर ही युक्ती चालत नाही, तिथले पत्रे बहुधा ॲल्युमिनियमचे.)

फोटो फक्त रंगानंतरचे, हे वाचूनच माझे कान टवकारले. खरं रिस्टोरेशन करणारा माणूस कापलेल्या पत्र्याचे, वेल्डिंगचे, नागड्या चासीचे फोटो अभिमानाने दाखवतो. त्याचा सगळा खर्च तिथेच गेलेला असतो. रंगाचे फोटो काय, साखरपुड्याचे फोटो.

नीरजा_लीड्स

अण्णांना अनुमोदन. आणि एक. इथे इंग्लंडात चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची दरवर्षीची चाचणी, सक्तीची नाही, २०१८ पासून. रोड टॅक्सही शून्य. त्यामुळे विकणारा "चाचणी लागतच नाही हो" म्हणून सुटतो. तुम्ही स्वतःच्या पैशाने करून घ्यायला सांगा. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

निषाद_बी

माझं मत सगळ्यांपेक्षा उलटं. गंजलेली बॉडी असेल तर भीती कसली? या गाड्यांची यंत्रं अमर आहेत. म्हणूनच इंग्लंडात कित्येक मार्क सिक्सच्या कुजलेल्या बॉड्या फेकून, चासीवर दोन सीटची उघडी ॲल्युमिनियमची बॉडी चढवून 'बेंटली स्पेशल' केल्या गेल्या. हलकी गाडी, वाऱ्यावर उडते. चेशायरकर, तुम्ही एखादी पूर्ण सडकी घ्या आणि स्पेशल बनवा. स्वस्तात मजा.

जुनं_यंत्र

निषाद, "स्वस्तात" आणि "बेंटली" एका वाक्यात लिहिल्याबद्दल आयडी निलंबित व्हायला हवा.

स्पेशलचा मला मनापासून राग येतो. सत्तरच्या दशकात ठीक होतं, सडक्या सलूनना कुत्रं विचारत नव्हतं. आता चांगल्या, वाचवता येण्याजोग्या सलूनवरही करवत चालते, कारण उघडी गाडी जास्त भाव खाते. वर १९३० चा आव. गाडी १९५० ची, चेहरा बापाचा.

निषाद_बी

@जुनं_यंत्र, सडून शेतात पडण्यापेक्षा चेहरा बापाचा परवडला. चालतेय ना? आणि कोचबिल्डरने चासीवर मालकाच्या मर्जीची बॉडी चढवली ती परंपरा, मी चढवली तर पाप? तुम्हीच वर लिहिलंत की आधी सगळ्यांचं असंच चालायचं.

जुनं_यंत्र

फरक एवढाच, की कोचबिल्डर आधीची बॉडी कापून भंगारात घालत नव्हता. पण मुद्दा वाईट नाही, कबूल.

कर्वेनगरी

अवांतर: काऊलीचा उल्लेख वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. मॉरिसचा कारखाना तिथलाच, आणि आपली ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच. म्हणजे बेंटलीची बॉडी आणि आमच्या बाबांच्या ॲम्बीचे पूर्वज एकाच गावचे! आता सोसायटीत सांगायला हरकत नाही.

फुकटचा_सल्ला

सांगा. फक्त ॲम्बीचं दार ओढून लावताना सांगू नका.

भारद्वाज

मुंबईच्या विंटेज रॅलीत अशा गाड्या दिसतात. युद्धानंतर संस्थानिकांनी रोल्स-बेंटली मागवल्या होत्या. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांचा 'ऑटो वर्ल्ड' संग्रह आहे, गेलात तर अख्खा दिवस ठेवा.

चेशायरकर, निवृत्तीनंतर गाडी पुण्यात आणायचा विचार आहे का?

लोखंडे_आरटीओ

(नोकरीतून सुटलोय, नाव उरलंय.) भारद्वाज, आपल्याकडे अनेक वर्षं नियम असा होता की १ जानेवारी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्याच 'विंटेज' म्हणून परवान्याशिवाय आणता यायच्या. म्हणजे धागाकर्त्यांच्या दोन्ही गाड्या थोडक्यात हुकल्या असत्या. आणायची वेळ येईल तेव्हाचा नियम डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार खातं) ताज्या अधिसूचनेत बघावा, आणि सीमाशुल्काचा आकडा बघताना खुर्चीत बसावं.

नोंदणीचं म्हणाल तर २०२१ पासून केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी व्यवस्था केली आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात फार फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. नव्या नोंदणीला २० हजार, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५ हजार. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच.

भारद्वाज

म्हणजे आजोबांसारखं बेंटलीतून मंडईत भाजी आणायला गेलं तर दंड?

लोखंडे_आरटीओ

भाजीचं प्रदर्शन आहे म्हणून सांगायचं.

चेशायरकर

वा! एवढी माहिती विकणाऱ्याने दिली नव्हती. पुण्याचा विचार सध्या नाही. अण्णा, यंत्राबद्दल काय बघू? चालवताना दोन्ही छान वाटल्या. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, सीट आणि दार यांच्या मधे. उतरताना पँटच्या पायात शिरला आणि आजोबा मनापासून हसले.

सरवणकर_अण्णा

तो दांडा प्रत्येकाला एकदा प्रसाद देतो.

यंत्राचं सांगतो, जरा लांबण लागेल. इंजिन सहा सिलिंडरचं, आत घेणारा व्हॉल्व्ह वर डोक्यात (सिलिंडर हेडमध्ये), बाहेर टाकणारा बाजूला ब्लॉकमध्ये. याच कुटुंबातली इंजिनं ब्रिटिश लष्कराच्या फेरेट चिलखती गाडीत होती, त्यावरून दणकटपणा ओळखा. किती अश्वशक्ती, हे कंपनी सांगायचीच नाही. विचारलं तर "पुरेशी".

पण डोकं ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक लोखंडाचा. पाण्यात गंजरोधक द्रव वेळेवर बदलला नाही की डोक्यातले पाण्याचे मार्ग खाऊन जातात. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, शेवटच्या दोन सिलिंडरभोवती गाळ साठतो. उभी राहिलेली गाडी गरम होत नाही, चढावर होते. म्हणून वीस-पंचवीस मैल चालवल्याशिवाय मत बनवू नका. आणि जाल तेव्हा इंजिन थंड असायला हवं. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर विचारा का.

पायाशी डाव्या-उजव्या नेहमीच्या पेडलांखेरीज आणखी एक छोटं पेडल असतं. ते दाबलं की बारीक नळ्यांतून चासीच्या सांध्यांना तेल पोचतं. दर शंभरेक मैलांनी दाबायचं. दाबून सोडल्यावर ते सावकाश वर यायला हवं. फटकन आलं तर नळी कुठेतरी तुटली आहे, तिथेच राहिलं तर तुंबली आहे. दोन्हीत पुढचे किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळी, कोरडे झिजतात.

ब्रेकला गिअरबॉक्सवर फिरणारा यांत्रिक सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, आहे. गाडीच्या वेगावर चालतो, म्हणून वेगात सुरेख आणि पार्किंगमध्ये मागे घेताना किंचित उशिरा जागा होतो. बिघाड समजून घाबरू नका, पण भिंतीपासून अंतर ठेवा.

साडेचार लिटरच्या इंजिनाला एक फायदा: सगळं तेल गाळणीतून जातं. आधीच्यांत थोडंच जायचं. रोज चालवायची तर मला दुसरी बरी वाटते.

सईबाई_रंगारी

मी लाकूड आणि कातड्याची दुरुस्ती करते, बर्मिंगहॅमला. थोडं माझंही ऐका.

सगळे गंजावर बोलताहेत ते बरोबर, पण एकदा काढलेलं मूळ कातडं परत येत नाही. कॉनोली कंपनीचं सत्तर वर्षांचं कातडं तडकतं, पण त्याला तेल पाजून, मागून कापडाचा आधार देऊन, फाटलेला तेवढाच पट्टा बदलून पुढे वीस वर्षं काढता येतात. नवं कातडं लावलं की सीट फुगीर दिसते, शिवणीच्या पन्हळी जास्त उठावदार होतात आणि आतला वासही जातो. लाकडाचंही तेच. अक्रोडाचा वरचा पापुद्रा पातळ असतो. अति उत्साहात घासला की खालचं लाकूड उघडं पडतं, मग पॉलिस्टरचा जाड काचेसारखा थर देऊन झाकतात. पहिल्या गाडीचं डॅशबोर्ड उन्हात तिरक्या नजरेनं बघा. पाण्यात बुडल्यासारखं खोल चकाकत असेल तर समजायचं.

माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. एका वर्कशॉपने मालकाकडून भरमसाठ पैसे घेऊन सगळं "नव्यासारखं" केलं होतं. दारांच्या वरच्या लाकडी पट्ट्या चारही वेगवेगळ्या झाडांच्या. मूळच्या एकाच लाकडाच्या लगतच्या पापुद्र्यांतून काढलेल्या असतात, म्हणून नक्षी जुळते. जुन्या कुठे म्हणून विचारलं तर टाकून दिल्या.

फुकटचा_सल्ला

हे वाचून मी घरातल्या सनमायकाकडे बघितलं. चारही दारांची नक्षी जुळते. प्रिंट आहे.

जुनं_यंत्र

सईताई, तुम्ही माझं काम सोपं केलंत. चेशायरकर, एक करा: रोल्स रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लब, हंट हाऊस, पॉलर्सपरी, नॉर्दम्प्टनशायर. तिथे चासी कार्डं जपली आहेत. चासी नंबर दिलात की प्रत मिळते. पहिला मालक कोण, कधी दिली, मूळ रंग आणि आतल्या कातड्याचा रंग कोणता. विक्रेत्याची गोष्ट त्याला ताडून बघता येते.

चासी नंबरांत १३ सापडायचा नाही, बरं का. अपशकुनी म्हणून गाळला. जगातले उत्तम इंजिनिअर, पण तेराला घाबरायचे.

निषाद_बी

मूळ रंग काळा निघाला म्हणून काय झालं? माझी गाडी, मी पोपटी करीन.

नीरजा_लीड्स

करा. फक्त "मूळ स्थितीत" म्हणून विकू नका. माझा आक्षेप तेवढाच.

आणि पेट्रोल! सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे, दहा टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगं ते खातं. सुपर ग्रेड ई५ भरा. गॅलनला १५-१६ मैल देणाऱ्या गाडीत तो फरक खिशाला जाणवतो, पण आग लागण्यापेक्षा बरा.

पार्लेकर७१

१६ मैल?? माझी स्कूटर... जाऊ दे.

चेशायरकर

आढावा. दोन्ही गाड्यांकडे पुन्हा गेलो, या वेळी बरोबर एक जाणता मेकॅनिक घेऊन.

पहिली: आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम. अण्णा, तुमचीच आठवण झाली. चुंबक डाव्या दाराखालच्या पेटीवर ठेवला तर घसरून पडला. उजव्या बाजूला निम्मा चिकटला. मेकॅनिकने खालून टॉर्च मारला, बॉडीच्या दोन बोल्टांभोवती जाड काळं डांबर फासलेलं. त्यामागे काय आहे ते बघू द्यायला मालक तयार नाही. एमओटी? "गरजच काय?" चासी कार्ड आधीच मागवून ठेवलं होतं. त्यात गाडी पूर्ण गडद हिरवी, कातडं तपकिरी. रुपेरी-काळा हा नंतरचा शृंगार.

दुसरी: आजोबांनी मुद्दाम रात्रभर हात लावला नव्हता. थंड इंजिन लगेच सुरू झालं. लांब फेरी मारली, चढ चढलो, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. तेलाचं पेडल छान सावकाश आलं. डिकीच्या तळाला पॅच आहे, त्याचं बिल आणि फोटो फाइलमध्ये. एका किंगपिनला झीज. पुढच्या उजव्या दाराची खालची कड सुरू झालीये.

दुसरीसाठी बोली लावली. हो म्हणाले. बायकोला गाडीत बसवून आजोबांनी चहा पाजला, तिचा कौल तिथेच फिरला.

सरवणकर_अण्णा

उत्तम. किंगपिन लगेच करून घ्या, दार पुढच्या उन्हाळ्यात. आणि त्या फाइलमध्ये तुमची बिलं लावत जा.

सईबाई_रंगारी

अभिनंदन! मागच्या सीटला कुणालाही हात लावू देऊ नका. उन्हातला फोटो पाठवा, काय करायचं ते सांगते.

निषाद_बी

पहिली गाडी आता स्वस्त होईल का? मित्रासाठी विचारतोय. त्याच्याकडे करवत आहे.

जुनं_यंत्र

निषाद!!!

कर्वेनगरी

अभिनंदन चेशायरकर. गॅरेजची लांबी मोजली का? मार्क सिक्स १६ फुटांची आहे, इंग्लंडातली गॅरेजं बहुधा तेवढीच असतात म्हणतात.

चेशायरकर

मोजली. साडेसोळा फूट. मागच्या भिंतीवरच्या फळ्या काढाव्या लागणार, आणि अण्णांनी सांगितलेला तो उशिरा जागा होणारा सर्व्हो लक्षात घेता एक जुना टायर भिंतीला टेकवून ठेवतोय. हिवाळ्यात गाडी महिनाभर उभी राहील तेव्हा बॅटरीला चार्जर लावून ठेवू की तार सोडून ठेवू?

सरवणकर_अण्णा

चार्जर, पण स्वयंचलित. तार सोडणार असाल तर आधी कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते बघून घ्या. या गाड्यांत मूळचं धन टोक बॉडीला असतं, नंतर कुणीतरी उलटं केलेलं असू शकतं. आणि उभी ठेवायची म्हणून पंधरा मिनिटं जागेवर इंजिन चालवून बंद करू नका, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. काढायची तर वीस मैल फिरवूनच आणा.